मूठभर जोंधळ्याची शाळा

आमच्या भागात शाळा कुणी आणली, असं विचारलं तर नवी मंडळी म्हणतात सरकारनं, आणि जुनी मंडळी म्हणतात अण्णांनी. अण्णा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. दोन्ही उत्तरं खरी आहेत, पण तिसरं उत्तर सहसा कुणी देत नाही. शाळा आणली आमच्या आज्या-पणज्यांनी, जात्यावर बसायच्या आधी सुपातली एक मूठ बाजूला काढून. त्या मुठीचा हिशेब कुठल्या वहीत पुरता मांडलेला नाही, म्हणून इथं मांडतो. शाळेनं आणि पालकांनी मिळून मुलांचं भविष्य घडवावं, असं हल्ली जो तो सांगतो. पण मिळून म्हणजे नेमकं कुणी काय करायचं, हे सांगणारा क्वचित भेटतो. सातारा जिल्ह्यात हे एकदा घडलेलं आहे. ते कसं घडलं, कुठं कमी पडलं, आणि त्यातलं काय आज कामाला येईल, एवढंच सांगायचं आहे.

सुरुवात पैशापासून करावी लागेल. 1860च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागं एक आणा लोकल फंड बसला. रस्ते आणि शाळा यांच्यासाठी तो होता. आणा प्रत्येक कुणब्यानं भरला. शाळा मात्र निघायची ती मोठ्या पेठेच्या गावी, आणि तिथं बसायची ती बहुतेक पेठेतली पोरं. बैलामागं जाणाऱ्या पोराला तिचा उपयोग नव्हता, आणि त्याच्या बापालाही तो काही दिसत नव्हता.

तो दिसला सावकाराच्या खतामुळं. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. पुढं हे लोण आजूबाजूच्या गावांत गेलं. बहुतेक ठिकाणी लोकांची मागणी एकच होती, आमची खतं द्या. मिळाली ती त्यांनी जाळली. याच्या मागोमाग 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला, आणि तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांना लागू झाला. खतावर आकडा काहीही असो, मूळ कर्ज किती होतं हे खोदून बघायची मुभा त्यानं कोर्टाला दिली. पण कोर्टाची पायरी चढायची तर खतात काय लिहिलंय हे आधी घरात कळायला हवं. अंगठा उठवणाऱ्याला ते कोण वाचून दाखवणार? ज्यानं लिहिलं तोच!

माझे पणजोबा म्हणत, असं आजी सांगायची, "शंभर बैलं नगंत, घरात एक वाचणारं पायजे." आमच्या घराण्यात शिक्षणाचा पहिला अर्थ हा होता. मुलानं साहेब व्हावं हे कुणाच्या मनातही नव्हतं. बापाला फसवलं जात असताना लेकानं शेजारी उभं राहून कागद वाचावा, एवढंच भविष्य त्यांना हवं होतं.

महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढं जे निवेदन दिलं, त्यात हीच गोष्ट मोठ्या हिशेबात मांडली आहे. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. खेड्यांतल्या मुलांना निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. ती मान्य व्हायला फार वर्षं लागली.

कोल्हापुरात मात्र ती लवकर मान्य झाली. शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळात रुपया ही चेष्टा नव्हती. बाप शाळेला भिऊन का होईना, पोराला पाठवू लागला. शिवाय 1901पासून महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला हात दिला होता. खेड्यातून आलेल्या पोराची राहण्या-जेवण्याची सोय झाली नाही तर शाळा मोफत असून उपयोग नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

भाऊराव पाटील त्याच कोल्हापुरात शिकले. जन्म 1887चा, कुंभोजचा. पुढं ते ओगल्यांच्या काचसामानाचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून गावोगाव फिरले. नांगर विकणाऱ्या माणसाला शेतकऱ्याचं घर आतून माहीत होतं. कुठल्या महिन्यात कणगी भरलेली असते, कुठल्या महिन्यात तळ दिसतो, घरात शब्द कुणाचा चालतो, हे त्यांना कळत होतं. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 साली संस्था साताऱ्याला आली. तिथं धनिणीच्या बागेत वसतिगृह चाललं, आणि 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नाव दिलं गेलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसत. स्वयंपाक, पाणी, झाडलोट पोरंच करत.

इथं सातारा आणि कोल्हापूर यांतला फरक नीट बघायला हवा. कोल्हापुरात राजा होता. त्याच्या हातात तिजोरी होती आणि दंडही होता. साताऱ्यात भाऊरावांच्या हातात यातलं काहीच नव्हतं. दंड करता येत नव्हता, तेव्हा त्यांनी लोकांकडं मागितलं, आणि मागितलं ते त्यांना देता येईल असंच. पैसा कुणबिणीच्या हातात नसतो. दागिने असले तर तिच्या अंगावर, पण हक्क नवऱ्याचा. मात्र दळणातली मूठ तिच्या एकटीच्या अखत्यारीतली. त्यासाठी तिला कुणाला विचारावं लागत नाही, आणि ती काढल्यानं भाकरीही कमी पडत नाही. रोज एक मूठ, आठवड्याला शिपतर, महिन्याला पायली. याला संस्थेत मुष्टिफंड म्हणत. आमच्या गावात त्याला 'अण्णांची मूठ' म्हणायचे.

आजी सांगायची, तिच्या सासूनं जात्याजवळ एक वेगळं मडकं ठेवलं होतं. त्याला हात लावायचा नाही. एकदा दुष्काळात घरातला जोंधळा संपला तेव्हा सासऱ्यांनी ते मडकं काढलं. सासू म्हणाली, "त्ये आपलं न्हाई. त्ये बोर्डिंगातल्या पोरांचं." सासरे म्हणाले, "कुठल्या पोरांचं? आपलं एक तरी हाय का तिथं?" त्यावर ती म्हणाली, "आज न्हाई, उद्या आसंल." मडकं परत ठेवलं गेलं. आमच्या घरातला पहिला मुलगा बोर्डिंगात गेला त्यानंतर अकरा वर्षांनी. तो माझा चुलता.

साताऱ्यातही देणारी पहिली एक बाईच होती. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. ही गोष्ट आमच्याकडं भाषणात सगळेच सांगतात आणि ऐकणारे डोळे पुसतात. मी ती वेगळ्या कारणासाठी सांगतो. भाऊराव गावोगाव मूठ मागत होते तेव्हा त्यांच्या घरची मूठ आधीच उघडलेली होती, आणि बायकांना हे ठाऊक होतं. दुसऱ्याच्या घरून मागणाऱ्याच्या घरात काय चाललंय, याची बातमी गावात आधी पोचते.

तिसरा वाटा खुद्द पोरांचा होता. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचं ब्रीद, आणि ते फलकापुरतं नव्हतं. पोरं शेतात राबत, दगड फोडत, इमारतीला माती-पाणी वाहत, आणि त्यातून शिकत. 1940 साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं, 1947 साली छत्रपती शिवाजी कॉलेज. कमवा आणि शिका ही रीत कॉलेजापर्यंत पोचली. ज्या खेड्यांत सरकारी शाळा नव्हती तिथं व्हॉलंटरी शाळा काढल्या, त्या शेकड्यांनी झाल्या. त्यांना मास्तर लागणार, म्हणून 1935 सालीच साताऱ्यात शिक्षक तयार करणारं विद्यालय काढलेलं होतं. स्वातंत्र्यानंतर भाऊरावांचं सरकारशी बिनसलं आणि काही काळ अनुदान थांबलं. संस्था तरीही बंद पडली नाही. ती लोकांच्या देण्यावर उभी होती, आणि लोकांचं देणं मुंबईच्या हुकमानं थांबत नाही.

आता या सगळ्यातून पालकाला काय मिळालं? पोरगं शिकलं हे तर खरंच. पण त्याच्याही आधी त्याला विचारायचा हक्क मिळाला. ज्या बाईनं वर्षभर मूठ काढली, ती मास्तरला रस्त्यात थांबवून विचारू शकत होती, "गुर्जी, पोरं शिकत्यात का नुसती खात्यात?" सरकारला आणा भरणाऱ्याला असं विचारता येत नव्हतं, कारण आणा कुठं गेला हे त्याला दिसत नव्हतं. मूठ कुठं गेली हे दिसत होतं.

माझा स्वतःचा शाळेचा काळ साठच्या दशकातला. आमचं गाव जिल्ह्याच्या कोरड्या बाजूचं. शाळा मारुतीच्या देवळात, चौथीपर्यंत. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडं गेल्या. दाखल करताना गुरुजींनी माझा उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान पकडायला लावला. कान हाताला लागला, म्हणजे मी सहा वर्षांचा. जन्मतारीख 1 जून. माझ्या वर्गात निम्म्यापेक्षा जास्त पोरं 1 जूनला जन्मली होती! आजही पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही निवृत्त माणसाचे कागद बघा, ही तारीख भेटेल. पालकाला जन्माचा सण आठवायचा, अमुक साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वगैरे. तारीख गुरुजी द्यायचे. सरकारी कागदावरचं आमचं आयुष्य असं दोघांनी मिळून सुरू झालं.

गुरुजी गावातच राहायचे. ही बारीक वाटणारी गोष्ट फार मोठी होती. ते संध्याकाळी पारावर बसत, त्यामुळं कुणाच्या घरी काय चाललंय हे त्यांना कळे. एका सुगीत मी आठ-दहा दिवस शाळेत गेलो नाही, तर ते घरी आले. आबा, म्हणजे माझे आजोबा, सोप्यात बसले होते.

"आबा, पोरगं दिसत नाही शाळेत."

"गुर्जी, तुमी म्हंता ते बराबर हाय. पर मोटंमागं कोन जानार? गडी मिळंना."

"मोट सकाळची असते ना? दहापर्यंत राहू द्या त्याला. दहाला लावून द्या. मी त्याची हजेरी शेवटी घेतो."

"आन् दुपारी ढोरं?"

"ढोरं सुटीच्या दिवशी. रोजची ढोरं तुम्ही बघा, आबा. तुम्हाला तेवढंच फिरणं."

आबा हसले. असा सौदा झाला आणि तो दोघांनीही पाळला. गुरुजींनी शेताची अडचण खोटी ठरवली नाही, आबांनी शाळेची गरज खोटी ठरवली नाही. दोघांनी थोडं थोडं सोडलं. 'शाळा आणि पालक यांचा समन्वय' हा शब्द पुढं मी प्रशिक्षणांमध्ये शेकडो वेळा ऐकला. मला तो आमच्या सोप्यातल्या या बोलण्याएवढा कधी कळला नाही.

देवळातली शाळा अपुरी पडायला लागली तेव्हा गावानं दोन खोल्या बांधल्या. दगड ओढ्यातले, गाड्या ज्यांच्याकडं बैल त्यांच्या, लाकूड तीन घरांनी दिलं, गवंडी आमच्यातलेच. पत्र्याला तेवढे सरकारचे पैसे आले. मुंबईत गिरणीत आणि गोदीत असणाऱ्यांनी वर्गणी धाडली. कुणी किती दिली याचा फलक लावायचं ठरलं होतं, पण गावातल्या भांडणात तो राहिलाच. एका अर्थी बरं झालं. ज्यांनी नुसता दगड वाहिला त्यांचं नाव तसंही फलकावर आलं नसतं.

सातवीच्या वर्षी आम्ही रात्री शाळेतच झोपायचो. शेजारच्या गावी पाचवी ते सातवी होती. तिथल्या गुरुजींनी रात्रीचा अभ्यास ठेवला होता. पोरं घोंगडं, गोधडी आणि भाकरी घेऊन जात. रॉकेल पालकांनी पाळीपाळीनं द्यायचं. रेशनचं रॉकेल मोजकंच मिळायचं, तेव्हा ज्याची पाळी त्याच्या घरी त्या आठवड्याला चिमणी लवकर विझे. आमची आई अंधारात भाकरी थापायची. तिला ते अवघड नव्हतं, हात सवयीचा. पण घरात अंधार करून शाळेत उजेड धाडणं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आईला अक्षर येत नव्हतं, तरी ती माझा अभ्यास घ्यायची. मी वाचत असताना ती पुस्तकाकडं बघत नसे, माझ्या बोटाकडं बघायची. बोट ओळीवरून सरळ गेलं तर ठीक. कुठं थांबलं, की म्हणायची, "आडलं. परत वाच." मी चकवायला न वाचताच बोट पुढं सरकवायचो, तर तिला आवाजावरून कळायचं. शिकलेल्या आईबापांनाच मुलांचा अभ्यास घेता येतो असं जे म्हणतात, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आणि त्या अभ्यासाचा उपयोग घरात लगेच व्हायचा. वडील मुंबईला, महिन्याला मनीऑर्डर. पोस्टमन आला की फॉर्मच्या खालच्या तुकड्यावरचा मजकूर मी वाचायचा. उलट पत्र आई सांगायची आणि मी लिहायचं. बैल आजारी असला तरी आई सांगायची, "हिकडं समदं ठीक हाय, आसं लिव्ह." मी म्हणायचो, बैलाचं? ती म्हणायची, "त्यास्नी तिथं बसून काय करता येनार हाय? जिवाला घोर." पणजोबांना खत वाचणारा हवा होता, आईला पत्र लिहिणारा. गरज बदलली, तसं शाळेकडून मागणंही बदललं. प्रत्येक पिढीनं आपल्या गरजेतूनच पुढच्या पिढीचं भविष्य ओळखलं.

आता जे कमी पडलं ते सांगायला हवं, नाहीतर हा हिशेब एकतर्फी होईल.

मूठ काढायची आजी, आणि ती गोळा करून शिपतर भरून पाटलाच्या वाड्यावर पोचवायची माझी आत्या. आठवड्याच्या आठवड्याला. ती स्वतः एक दिवसही शाळेत बसली नाही. तिच्या भावाला बोर्डिंग, तिला शिपतर. पुढं माझी आक्का चौथीपर्यंत शिकली. देवळातल्या वर्गात ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे गुरुजी उघड म्हणायचे. पण पाचवीला दुसऱ्या गावी जायचं, मध्ये ओढा, आणि घरात दोन धाकटी भावंडं सांभाळायची. गुरुजी तेव्हाही सोप्यात आले होते. या वेळी सौदा झाला नाही. आबा म्हणाले, "पोरीचं तेवढं सोडून बोला." गुरुजी उठून गेले. शाळा आणि पालक एकमेकांना सामील झाले म्हणजे बरोबरच होतं असं नाही. कधी कधी दोघं मिळून एखाद्याला वगळतातही. मुलींचं नाव मधनंच पटावरून कमी झालं तर त्यावर ओरड करणारं दोन्हीकडं कुणी नव्हतं.

ते बदललं हळूहळू, आणि बदललं ते अडथळे एकेक करून काढल्यामुळं. ऐंशीच्या दशकात मुलींची फी माफ झाली. पुढं एस.टी.चा पास फुकट झाला. ओढ्यावर फरशी झाली. आक्काची मुलगी बारावी झाली. तिच्या वेळी आक्का स्वतः हायस्कुलात जाऊन हेडमास्तरांना भेटली. म्हणाली, "सर, गाडी सांच्याला सहाची हाय. तुमची साळा साडेपाचला सुटती. पोरी धावत येत्यात, एकादीची चुकती. पाच मिन्टं आधी सोडा." त्यांनी सोडलं. पाच मिनिटांचा प्रश्न होता. तो कुठल्याही परिपत्रकात आला नसता. तो जिला माहीत होता तिनंच सांगायला हवा होता.

दुसरं कमी पडलं ते गावाच्या बाजूनं. शिकलेली पोरं गावात राहिली नाहीत. आम्ही मास्तर झालो, तलाठी झालो, पोलिसात आणि पलटणीत गेलो, काही मुंबईला माथाडीत. गिरण्यांचं दार मात्र 1982च्या संपानंतर बंद होत गेलं, आणि गिरणीच्या भरवशावर सातवीत शाळा सोडलेले परत गावी आले. एकच धंदा डोळ्यापुढं ठेवून पोराला तयार केलं की धंद्याबरोबर पोरगंही बुडतं, हे त्यांनी आम्हाला दाखवलं. ज्यांना निदान नीट वाचता-लिहिता-हिशेब करता येत होता, ते पुन्हा काहीतरी शिकले. कुणी पतपेढीत लागला, कुणी मोटारी दुरुस्त करायला. उद्या कुठलं काम टिकेल हे ना शाळेला ठाऊक असतं ना बापाला. पाया पक्का असला तर पोरगं दुसरं काम धरतं.

आज काय आहे? मी चाळीसएक वर्षं शिक्षणखात्यात काढून गावी परतलो. ती दोन खोल्यांची शाळा आहे, वर स्लॅब पडला आहे, मध्यान्ह भोजन शिजतं, भिंतीवर चित्रं आहेत. पट वीसच्या आत. सकाळी साडेसातला पिवळी बस पारापाशी येते आणि इंग्रजी माध्यमाची पोरं घेऊन जाते. मी त्या पालकांना नावं ठेवत नाही. पणजोबांनी जे केलं तेच तेही करताहेत. आपल्याला जे वाचता येत नाही ते पोराला वाचता यावं म्हणून धडपडताहेत. फरक एवढाच की फी भरली की आपलं काम संपलं असं त्यांना वाटतं. बसच्या दारापलीकडं काय होतं ते त्यांना माहीत नसतं, आणि विचारायची सोयही नसते. लोकल फंडाच्या आण्यासारखंच झालं पुन्हा. पैसा दिला, पण तो गेला कुठं ते दिसत नाही.

आणि सरकारी शाळेत विचारायची सोय आहे, तर विचारणारे नाहीत. शिक्षण हक्काचा कायदा 2009चा, लागू झाला 1 एप्रिल 2010ला. त्यानुसार प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती हवी. तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक, आणि निम्म्या बायका. आमच्या पणजीला हे सांगितलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता. कागदावर इतका हक्क याआधी कधीच मिळाला नव्हता. पण किती तरी ठिकाणी समितीची वही घरोघर फिरते आणि सह्या घेऊन परत जाते. बैठक झाली असं लिहिलेलं असतं. मूठ न काढता मिळालेला हक्क, म्हणून तो कुणाला आपला वाटत नाही की काय, कोण जाणे.

आमच्याकडं तीन वर्षांपूर्वी समितीची अध्यक्ष एक सून झाली. बारावी शिकलेली, दोन म्हशी, नवरा वाशीच्या मार्केटात. वही सहीला आली तेव्हा ती बाईंना म्हणाली, "बाई, वही घरी आणू नका. बैठक शाळेत घ्या, आम्ही येतो. फक्त सकाळी अकराला नको. सांच्याला डेअरीला दूध घातल्यावर घ्या." शाळेच्या बाई रोज तालुक्याहून येतात. त्यांनाही मुलंबाळं आहेत. तरी महिन्यातून एक दिवस त्या थांबायला तयार झाल्या, आणि त्या दिवशी त्यांना मोटारसायकलीवर फाट्यापर्यंत सोडायचं कुणीतरी पालकानं, असं ठरलं. पुन्हा तोच सोप्यातला सौदा, दोघांनी थोडं थोडं सोडायचं.

बैठकीत भाषण नाही. तीन मुलं उभी राहतात आणि पूर्वी न वाचलेलं एक पान मोठ्यानं वाचतात. आया ऐकतात. मुंबईला असलेले बाप फोनवर ऐकतात. पहिल्याच वेळी तिसरीतली एक पोर अडखळायला लागली. बाईंना वाटलं, जोडाक्षरं कच्ची आहेत. तिची आई मागून म्हणाली, "ती घरी टीव्हीपण जवळ जाऊन बघती, बाई." ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासले, चष्मा लागला. बाईंना अक्षर माहीत होतं, आईला पोर माहीत होती. दोघी एका खोलीत नसत्या तर ती पोर 'ढ' म्हणून पुढं सरकत राहिली असती, आणि सातवी-आठवीत कधीतरी घरी बसली असती.

यानं पट एकदम वाढला नाही. दोन पोरं बसमधून उतरून परत आली, एक नवीन गेलं. पट आणखी घटला तर दुसऱ्या शिक्षिकेची जागा जाईल, आणि मग चार इयत्ता एकटीच्या गळ्यात. हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून समितीनं ठरवलंय की औंदा यात्रेच्या दुसऱ्या दिवशी बैठक घ्यायची. यात्रेला मुंबई-पुण्याची सगळी माणसं गावात असतात, बाप घरी असतात, आणि जूनमध्ये पोराला कुठं घालायचं याचा विचार तेव्हाच चाललेला असतो. पालखी उतरली की देवळासमोरच सतरंज्या टाकायच्या. चौथीत गेलेली ती चष्म्याची पोर पहिलं पान वाचणार आहे. कुठलं पान, ते तिला आधी सांगायचं नाही, असं तिच्या आईनंच बजावलंय.